पाठीतली सुई

या, जरा जवळ सरका, गोष्ट लहानशीच आहे. ब्लड कॅन्सर झालेल्या पोरीचं रक्त आता साफ आलं होतं, तरी डॉक्टर पाठीच्या कण्यात सुई द्यायचं म्हणत होते. बाप नुसत्या येरझाऱ्या घालत होता.

“आजार गेलाय ना? मग हा छळ कशाला?”

“सलाईनचं औषध मेंदूपर्यंत नीट पोचत नाही, पाठीच्या कण्यातून दिलेलं पोचतं. आजार तिथं दडून बसायला नको. तिला घट्ट धरा, हलू देऊ नका.”

“तुमचं काय जातंय हो सांगायला!”

“लहानपणी मीच होतो अशा टेबलावर. आईच्या हाताला कडकडून चावलो, पण तिनं सोडलं नाही.”

बापानं बाही वर सारली आणि पोरीला पोटाशी घट्ट धरलं. “चाव गं राणी, हवं तेवढं चाव.”

देवापुढे हात जोडाल, तेव्हा डॉक्टरांच्या त्या माउलीची आठवण असू द्या.