गळती नाही, असं धरून

“पण टाकीला गळती नाही, हे कुठे लिहिलंय?”

मुलीने मोबाइलमधलं घड्याळ थांबवलं. “आई, एक टाकी आहे. दोन नळ आहेत. दोन्ही सोडले तर ती किती वेळात भरेल, एवढंच विचारलंय.”

“विचारलंय नीट. सांगितलं नाही नीट.” आईने प्रश्नाखाली पेन्सिलीने रेघ मारली. कंपन्यांचे करार लिहिण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. न लिहिलेली गोष्ट तिला लिहिलेल्या गोष्टीच्या आधी दिसायची.

“वकीलसाहेब, आधी नळ सोडा,” बाबा इस्त्री फिरवत म्हणाले. “दावा मग लावा.”

“तू कॉलर जाळू नकोस म्हणजे झालं. उद्या तोच शर्ट घालायचाय मला.”

जेवणाच्या टेबलावर, आईच्या प्रवेश परीक्षेच्या सरावाच्या वहीपलीकडे, लॅपटॉपवर दोन अर्ज भरून तयार होते. एक गावातल्याच बिझनेस स्कूलचा. वर्ग शनिवार-रविवार, नोकरी सांभाळून. दुसरा दूरच्या शहरातला. नोकरी सोडायची आणि वर्षभर तिथेच राहायचं. पाठवायचा मात्र एकच, असं आईने ठरवलं होतं. दोन्ही पाठवले की माणूस सोपा निवडतो, असं तिचं म्हणणं.

“शनिवार-रविवारचा काय वाईट आहे?” मुलीने सहज विचारल्यासारखं विचारलं.

“वाईट काहीच नाही. त्याने मी जरा जास्त शिकलेली वकील होईन.” आईने चष्मा काढला. “सौद्याची किंमत ठरायची वेळ आली की फायनान्सवाले आम्हाला म्हणतात, तुम्ही जरा बाहेर बसा. आकडा ठरला की आत बोलावतात, कागदावर उतरवायला. मला तो आकडा ठरवायचाय.”

“बेचाळिसाव्या वर्षी?”

“त्रेचाळिसाव्या. वर्ग सुरू होईपर्यंत वाढदिवस येतोय.”

मुलगी हसली नाही. “ते माझं दहावीचं वर्ष असेल.”

इस्त्री थांबली.

“माहीत आहे. म्हणून तर अजून पाठवला नाही,” आई म्हणाली. “तू नको म्हणालीस तर नाही पाठवणार. आणि पुढे कधी तुला ऐकवणारही नाही.”

मुलगी वहीतल्या टाकीच्या चित्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, “रोज फोन करायचा. दमलीस तरी. आणि निकालाच्या दिवशी तू इथे.”

“कबूल.”

“लिहून दे.”

“नाही.” आईने मान हलवली. “लिहिलेल्यातून मला वाट काढता येते. पोटापाण्याचा धंदाच आहे तो. बोललेलं मात्र पाळावं लागतं.”

मुलीने लॅपटॉप स्वतःकडे ओढला, शनिवार-रविवारचा अर्ज बंद केला आणि लॅपटॉप परत सरकवला. “पाठव. आणि पुढचं गणित घे. दोन मिनिटं.”

आईने अर्ज पाठवला. चष्मा चढवला आणि पुढचं गणित वाचलं. दोन गाड्या समोरासमोरून निघाल्या होत्या. तिने काही विचारायला तोंड उघडलं, मिटलं, आणि आकडे मांडू लागली. एकदा चुकली. खोडलं. ओठ दाबून पुन्हा मांडलं.

दोन मिनिटं संपली. मुलीने हळूच मोबाइलवर तळहात ठेवला. बाबांनी ते पाहिलं आणि शर्टाची बाही उलटी केली.

आईने पेन्सिल खाली ठेवली. “वेळ झाली ना?”

“एकच पायरी राहिलीय.”

“झाली की झाली म्हणायचं, बाळा. तिथे तू नसणार.”

मुलीने नाक पुसलं आणि घड्याळ शून्यावर आणलं.

“गाड्या मध्ये कुठे थांबत नाहीत,” ती म्हणाली. “असं धर.”