बाबांच्या टाचा

“विश्वासघात हा खुनापेक्षाही भयंकर गुन्हा आहे,” छकुलीनं बाल्कनीच्या दारातून जाहीर केलं. आरोपी समोर स्टुलावर पाय ठेवून बसला होता आणि मन लावून टाचेला क्रीम चोळत होता.

आरोपी म्हणजे तिचे बाबा. चौतीस वर्षं पोस्टमन होते. निवृत्त होताना पेन्शन आणि भेगाळलेल्या टाचा घेऊन घरी आले. छकुली त्यांची एकतीस वर्षांची लेक, दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसणारी. क्रीम तिचं होतं. जॅमच्या बरणीत असलं, तरी वासावरून तिनं ते ओळखलं.

हा राग काही साधा नव्हता. छकुलीची त्वचा जात्याच चिडकी. वारा लागला तरी लाल व्हायची. त्यात हनुवटीवर पुटकुळ्यांची दाटी, नाकाशेजारी बुजलेली रंध्रं. त्यावर उपाय म्हणून तिनं तीन बाटल्या आणल्या: दाणेदार स्क्रब, अ‍ॅसिडचं सिरम आणि हे क्रीम. चेहरा आणखी भडकला. दोन महिन्यांपूर्वी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, “पेशंटना वाटतं, आपल्याकडूनच काहीतरी लागलंय,” आणि त्यांनी तिला मागच्या खोलीत प्लास्टरच्या जबड्यांच्या साच्यांपाशी नेऊन बसवलं. छकुली दात-ओठ खात बसली. माघार घेतली नाही. तिन्ही बाटल्या दुप्पट जोमानं सुरू केल्या.

आणि गुण आला. सिरम झोंबायचं थांबलं. तिला वाटलं, सवय झाली. स्क्रबचे दाणे टोचेनासे झाले. तिला वाटलं, कातडी घट्ट झाली. बाटल्या संपतही नव्हत्या. भारी वस्तू पुरवठ्याला येते, असं ती मैत्रिणींना सांगू लागली. चेहरा निवळला. उद्यापासून ती पुन्हा काउंटरवर बसणार होती.

“किती वापरलंत?” तिनं विचारलं.

“सगळं.”

“सगळं कसं? माझी बाटली भरलेली आहे.”

“ती मीच भरतो,” बाबा म्हणाले. “रोज थोडं थोडं घेतलं असतं तर तुझ्या लक्षात आलं असतं. म्हणून एकदमच काढून घेतलं. क्रीमच्या जागी साधं लोशन घातलं, तान्ह्या बाळांना लावतात ते. स्क्रबच्या जागी त्यांच्याच आंघोळीचा पातळ साबण. आणि त्या झोंबऱ्या औषधाच्या जागी पाणी.”

“पाणी?”

“उकळून, गार करून. मी काही निष्काळजी माणूस नाही.”

छकुलीचा तोल सुटला. जन्मभर लोकांच्या वस्तू जशाच्या तशा पोचवल्यात आणि घरात हे धंदे? ती तिकडे जबड्यांमध्ये बसून कुढत होती आणि हे इकडे टाचा सजवत होते? आता उद्या तो डॉक्टर पुन्हा मागे बसवणार, मग याच टाचांनी जाऊन त्याला जाब विचारा म्हणावं. शेजारच्या बाल्कनीतल्या काकू कपडे वाळत घालायच्या थांबल्या. बाबांनी दुसरी टाच स्टुलावर घेतली.

“कधीपासून चाललंय हे?”

“तुला त्या जबड्यांत नेऊन बसवलं ना, त्याच आठवड्यापासून.”

छकुली तरातरा बाथरूममध्ये गेली आणि आरशात तोंड घालून उभी राहिली. हनुवटी पाहिली. नाक दोन्ही बाजूंनी पाहिलं. चिडायला एकही पुटकुळी शिल्लक नव्हती.

परत आली तेव्हा तिच्या हातात तिन्ही बाटल्या होत्या. त्या तिनं बाबांपुढे दाणकन आपटल्या.

“मी अजून चिडलेलीच आहे,” ती म्हणाली. “माझ्याशी बोलायला येऊ नका. आणि उद्या मला पुढे बसायचंय, तेव्हा सकाळच्या आत ह्या भरून ठेवा.”

“ठेवतो,” बाबा म्हणाले. “फक्त झाकणं एवढी करकचून लावत जाऊ नकोस. मनगट दुखतं माझं.”