अठराशेच्या खाली

दोन महिन्यांत ऑनलाइन बुद्धिबळात अप्पांचं रेटिंग अठराशेवरून पंधराशेवर आलं. “हा आकडा ओळख बघत नाही, कण्णा. जिंकलं की चढतो, हरलं की उतरतो. माझी बुद्धीच चाललीय,” ते घाबरून मला, त्यांच्या लेकीला, म्हणाले. त्यांच्या थोरल्या भावाचंही असंच झालं होतं. शेवटी काकांना मैलापूरमधलं स्वतःचं घर सापडेना. आज मी आतल्या खोलीतून खोट्या नावाने अप्पांशी डाव मांडला. माझं रेटिंग वरचं. वरच्याला हरवलं की जास्त गुण मिळतात. मला हरायचं होतं. विसाव्या खेळीला त्यांनी वजीर माझ्या प्याद्याच्या तोंडी ठेवला. मी घेतला नाही. पुढच्या चार खेळ्या तो तिथेच उभा. त्यांना दिसलाच नाही. मग मी हरले. “बारा गुण चढले!” बाहेरून अप्पा ओरडले. “डोकं शाबूत आहे! समोरचा घाबरट निघाला!” मला दार उघडायचा धीर होईना.