तारलीचा काटा

ताटं वाढून झाली होती, पण भाताला कुणी हात लावला नव्हता. रुखियाने सुधीशला विचारलं होतं, "मासा की अंडं?" आणि या घरात उत्तर मिळेपर्यंत जेवण थांबत असे.

"तो मासे खात नाही," कार्त्यायनी घाईने म्हणाली. "लहानपणी घशात काटा अडकला होता. माझ्या मुलाला दहीभातच लागतो."

"तुम्हाला नाही विचारलं, अम्मा," रुखिया म्हणाली.

कोळिक्कोडच्या त्या घरात रुखिया, बिजू आणि तंगमणी राहत. तिघंही सुधीशसारखीच, समजायला आणि बोलायला वेळ लागणारी. चौथी खोली रिकामी होती, आणि ती कुणाला द्यायची हे तिघंच ठरवत. सुधीशने चाळिशी ओलांडली होती. कार्त्यायनीच्या पोटातली गाठ कापण्यापलीकडे गेली होती, आणि तिच्यामागे त्याला कुणी नव्हतं.

तिने दारात उभ्या असलेल्या मदतनीस अनिताकडे पाहिलं. "तुम्ही तरी सांगा ना. तो बोललाच नाही, तर घेणार नाहीत त्याला."

"घर त्यांचं आहे. माझं इथे मत नसतं."

"भूक लागली," बिजू कुरकुरला.

"तू आलास तेव्हा तुझ्या उत्तरासाठी थांबून दुपारचं जेवण आम्ही तिन्हीसांजेला जेवलो होतो, बिजूदादा," तंगमणी म्हणाली. "बस गप."

सुधीशचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. "मासा."

रुखियाने त्याला तळलेली तारली वाढली. कार्त्यायनीचा हात काटे काढायला पुढे गेला. सुधीशने ताटावर हात आडवा धरला. तो सावकाश चावत राहिला. मग तोंडातून एक काटा काढून त्याने ताटाच्या कडेला ठेवला.

"इथे राहशील?" रुखियाने विचारलं.

"हो."

"अम्मा नसेल हं. रात्रीसुद्धा नाही."

सुधीशने आईकडे पाहिलं. आपल्या चेहऱ्यावरून त्याने उत्तर उचलू नये म्हणून कार्त्यायनीने मान खाली घातली. सुधीशने ताटाच्या कडेचा काटा बोटाने थोडा सरकवला.

"चालेल."

हेच ऐकायला ती आली होती.

"मग आला आपल्यात," म्हणत बिजू भातावर तुटून पडला.

खाली मान घालून बसलेल्या कार्त्यायनीने सवयीने दहीभात कालवला होता. एक घास बोटांवर घेऊन तिने पुढे केला. सुधीशने तिचं मनगट धरलं आणि तो घास तिच्याच तोंडाकडे वळवला.