जॉर्जियाचा पैलवान

हिंदुराव पैलवानानं अंगाला आखाड्यातली माती चोळली, तरी पुढं व्हायचा धीर होईना. समोर जत्रेच्या पोस्टरवरचा जॉर्जियाचा पैलवान उभा होता. घारे डोळे, तांबडी दाढी, मान तर रेड्यासारखी.

"जॉर्जिया कुठं आलं ओ?" गर्दीत कुणीतरी विचारलं.

"लंडनच्या जरा अलीकडं," सरपंच म्हणाले. "तिथं लेकरं अस्वलाशी झोंबी खेळतात म्हणं."

हिंदुराव एक पाऊल मागं सरकला. यंदाही हरला तर गावात तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती. शिट्टी वाजली, डोक्याला डोकं भिडलं, आणि परदेशी पैलवान त्याच्या कानाशी कुजबुजला, "दादा, कुणाला सांगू नका हां, हाकलतील मला. मी दापोलीचा. पोस्टरवाल्यानं डोळे बघून जॉर्जिया छापलंन."

दापोलीचा! हिंदुरावाची सगळी भीती उतरली, अंग सैल पडलं, आणि तेवढ्यात त्याची पाठ मातीला लागली.

गाव हळहळलं. "त्याचा काय दोष? परदेशी ताकद ती."

हिंदुरावानं ते पडल्या पडल्या ऐकलं. मग उठून त्यानं विजेत्याला मिठी मारली आणि साऱ्या जत्रेला ऐकू जाईल असं म्हणाला, "थँक्यू, जॉर्जिया."