मोठ्याने वाचणाऱ्या काकू

दिल्लीत पोळ्या लाटून कंटाळलेल्या सरलाकाकूंना एका संस्थेने वाचायला शिकवलं, दुसरी ई-रिक्षा चालवायला देणार होती. मध्ये आडवी होती फक्त लायसन्सची परीक्षा. स्क्रीनवर पहिला प्रश्न आला आणि काकूंनी वर्गातल्यासारखा खणखणीत सूर लावला. “आंटीजी, मन में पढ़ो!” परीक्षक ओरडला. आता आली का पंचाईत! द्वारका भागातल्या त्या संस्थेच्या वर्गात सगळ्या बायका एकसुरात मोठ्यानेच वाचायच्या. काकूंनी ओठ मिटून पाहिलं, तर अक्षरं नुसती टकामका बघत बसली. वेळ भराभर संपत चालला. शेवटी काकूंनी पदर खोचला. “भैया, निकालना है तो निकालो, पर पढ़े बिना बटन नहीं दबाऊँगी!” आणि त्या मोठ्याने वाचतच राहिल्या. पास होऊन उठल्या तेव्हा शेजारच्या खुर्चीतले दाढीवाले आजोबाही स्क्रीनवर बोट ठेवून जोरजोरात वाचत होते, आणि परीक्षक बिचारा कानांवर हात ठेवून बसला होता.