दोन फोटो

"एका घरात एकच पेन्शन, आजोबा. तुमची चालू आहे, म्हणून आजींना मिळणार नाही," मंडल ऑफिसातल्या मॅडमनी तिसऱ्या खेपेलाही तेच सांगितलं.

भिवाजीने बायकोचा अर्ज घडी करून खिशात ठेवला. "अन मी गेल्यावर?"

"मग आजींना मिळते. तुमच्या मृत्यूचा दाखला, त्यांचं आधार, पासबुक आणि दोन फोटो गावच्या पंचायतीत द्यायचे. इथवर यायचंही काम नाही."

"उठा आता," ताराबाई चिडून म्हणाली. "काई बी इचारून राह्यले."

गावाकडचा ऑटो ऑफिससमोरच उभा होता. तरी भिवाजीने ताराबाईचं मनगट धरलं, दोन-चार ट्रक जाऊ दिले आणि हायवे ओलांडून तिला पलीकडच्या फोटोच्या दुकानात नेलं.

"अर्ज त झाला नाई. मंग आता फोटो काऊन?"

"पदर नीट घे," स्टुलावर तिला बसवत तो म्हणाला. "बाकीचं सारं गावातच होते. फोटोसाठी मातर इथंच या लागते, अन हा रस्ता तुले एकटीले पार करता येत नाई."